हजेरी लागली, पण लेकरू कसं आहे?

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत जा. पटावर किती, आज हजर किती, तांदूळ किती शिल्लक, गणवेश कितींना मिळाले, आधार कितींचं जोडलं, हे सगळं रजिस्टरात आणि पोर्टलवर सापडेल. आता तिथेच आणखी काही प्रश्न विचारा. तिसरीतल्या किती लेकरांना शाळेत यायची भीती वाटते? किती जणांना खेळायला कुणी सोबत घेत नाही? आज सकाळी काहीही न खाता किती जण आले? गेल्या वर्षभरात कुणाची उंची वाढलीच नाही? याची नोंद कुठेच नसते. गुरुजींना, बाईंना यातलं पुष्कळ ठाऊक असतं. पण ते त्यांच्या मनात असतं, आणि बदली झाली की त्यांच्याबरोबर दुसऱ्या गावी जातं.

पालक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, सरपंच, अंगणवाडीताई आणि शिक्षक या सगळ्यांना माझं एक सांगणं आहे. लेकरू वाचतं का, बेरीज करतं का हे बघता तसंच ते बरं आहे का हेही मोजा. वरून आदेश येण्याची वाट बघू नका.

मोजायचं कशाला, डोळ्यांना दिसत नाही का, असं कुणी म्हणेल. आपल्याकडे पीक बुडालेलं प्रत्येक शेतकऱ्याला दिसतं. तरी पैसेवारी काढावी लागते आणि कित्येक वर्षं ती पन्नास पैशांच्या खाली आली तरच गाव दुष्काळाच्या यादीत बसायचं. लेकरांच्या हालाचंही तसंच आहे. कागदावर आल्याशिवाय कुणी त्याची दखल घेत नाही, ग्रामपंचायत नाही आणि जिल्हा परिषदही नाही.

आधी शरीराचं बोलू, कारण ते मोजणं सगळ्यांत सोपं आणि तरी सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे. लेकरू सहा वर्षांचं होईपर्यंत अंगणवाडीताई त्याचं दर महिन्याला वजन करते. पहिलीत नाव घातलं की तो काटा सुटतो. पुढे त्याला भेटतं ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक. फेब्रुवारी २०१३ मध्ये हा कार्यक्रम आपल्याच राज्यातल्या पालघरमधून देशभर सुरू झाला. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. पथकाचं काम मोलाचं आहे, हृदयाला छिद्र असलेली, ऐकू न येणारी किती तरी लेकरं त्यातून शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतात. पण वर्षातून एकदा केलेलं वजन लेकराचं वर्ष कसं गेलं हे सांगत नाही. आणि त्या दिवशी जे लेकरू गैरहजर असतं, त्याचीच तपासणी बहुधा सगळ्यांत गरजेची असते.

केंद्र सरकारनं २०१६ ते २०१८ या काळात देशभर केलेल्या व्यापक पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये २२ टक्के खुरटलेली आणि २३ टक्के कृश निघाली, तर २४ टक्के मुलांना रक्तक्षय होता. चाळीस लेकरांचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. देशाच्या सरासरीनं त्यात नऊ-दहा जणांचं रक्त कमी आहे. हीच लेकरं दुपारनंतर डेस्कवर डोकं टेकवतात आणि त्यांनाच आपण आळशी म्हणतो.

तर करायचं काय? जूनमध्ये, दिवाळीच्या सुट्टीआधी आणि मार्चमध्ये अशी वर्षातून तीन वेळा प्रत्येक लेकराची उंची आणि वजन घ्या. वजन करताना चपला-बूट काढून, खिशातल्या गोट्या बाहेर ठेवून, दर वेळी त्याच काट्यावर. उंचीसाठी भिंतीला पट्टी चिकटवताना ती जमिनीपासून सरळ आहे ना, हे ओळंबा लावून बघा. टाचा, पाठ आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकलेला हवा, नजर समोर. पाच ते दहा वर्षांचं लेकरू साधारणपणे वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं आणि दोन-तीन किलो भरतं. वर्षभरात चार सेंटिमीटरसुद्धा वाढ नसेल, किंवा वजन वाढण्याऐवजी घटलं असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. नुसत्या वजनाकडे बघून निष्कर्ष काढू नका. उंचीच्या मानानं वजन किती, हे बघावं लागतं आणि त्याचे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्येच पाच ते एकोणीस वयासाठी दिलेले आहेत. आरोग्यसेविकेला विचारलंत तर ती समजावून सांगेल.

त्याच दिवशी सहा मीटरवर डोळे तपासायचा तक्ता टांगा आणि एकेक डोळा झाकून वाचायला लावा. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून लिहीत नाही, आणि लिहीत नाही म्हणून ‘ढ’ ठरतो, असं एखादं लेकरू बहुतेक शाळांत निघतंच. त्याला चष्मा मिळाला तर निम्मं काम झालं.

आता आपल्या जिल्ह्याचं खास दुखणं. दसरा झाला की अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्याकडची गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. काही लेकरं बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरवर बसून सोबत जातात, काही आजी-आजोबांपाशी राहतात. राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. शाळेनं दिलेलं शिक्षण हमी कार्ड दाखवलं की जाणाऱ्यांना ऊसतोडीच्या ठिकाणच्या शाळेत बसता येतं. ‘जनार्थ’सारख्या संस्थेनं कारखान्यांवर साखरशाळा चालवून दाखवल्या. हे सगळं गळती थांबवण्यासाठी आहे आणि ते हवंच. पण मागे राहिलेलं लेकरू ‘शाळाबाह्य नाही’ एवढ्यावर आपण समाधान मानतो. सहा महिने आईशिवाय राहिलेलं सात वर्षांचं पोर रात्री झोपतं का, अंथरूण ओलं करतं का, भांडखोर झालं आहे का, एकदम गप्प झालं आहे का, हे कोण बघतं?

अशा लेकरांसाठी मी दोन गोष्टी सुचवतो. टोळी निघायच्या आठवड्यात प्रत्येकाचं वजन करा, जाणाऱ्याचंही आणि राहणाऱ्याचंही. परत आल्यावर पुन्हा करा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले की हंगामानं लेकराकडून काय घेतलं, ते कुणालाही वाचता येईल. शिक्षण हमी कार्डावर लेकराची इयत्ता आणि प्रगती लिहितात, तिथेच उंची-वजनही लिहून द्या, म्हणजे तिकडच्या शाळेलाही कळेल. दुसरी गोष्ट म्हणजे, मागे राहिलेल्या लेकराला दर सोमवारी एकच प्रश्न विचारा : या आठवड्यात आईशी फोनवर बोललास का? उत्तर वहीत लिहा. सलग दोन आठवडे ‘नाही’ आलं, तर गुरुजींनी किंवा समितीतल्या कुणी स्वतःच्या फोनवरून तो फोन लावून द्यावा. याला पैसे लागत नाहीत.

मनाचं मोजमाप अवघड आहे, असं वाटून आपण ते सोडून देतो. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आपल्याला ते सोडायची मुभा दिलेलीच नाही. कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली आहे. कलम २९ म्हणतं की, अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत ठरवताना मूल भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त राहील आणि आपलं मत मोकळेपणानं मांडू शकेल, याचा विचार झाला पाहिजे. कायद्यातल्या खोल्या, शौचालयं, शिक्षकसंख्या आपण मोजतो. भीती आहे की गेली, ते मात्र मोजत नाही. कायदा लागू होऊन पंधरा वर्षं उलटली तरी शाळेच्या तपासणीत हा रकाना नीट आलेला नाही, आणि ही मोठी चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

लेकराला कसं आहे हे कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे लेकरालाच विचारणं. आठ वर्षांपुढची मुलं स्वतःच्या आयुष्याबद्दल भरवशाची उत्तरं देऊ शकतात. अनेक देशांत चाललेलं ‘चिल्ड्रन्स वर्ल्ड्‌स’ हे सर्वेक्षण आठ, दहा आणि बारा वर्षांच्या मुलांनाच थेट प्रश्न विचारतं, आईबापांना किंवा शिक्षकांना नाही. युनिसेफनं २००७ मध्ये २१ श्रीमंत देशांतल्या मुलांच्या सुस्थितीचा अहवाल काढला, तेव्हा नेदरलँड्स पहिलं आलं, अमेरिका शेवटून दुसरी आणि ब्रिटन शेवटचं. पैशानं तुलनेनं मागे असलेला झेक प्रजासत्ताक या दोघांच्याही पुढे होता. जालन्यासारख्या मानव विकासात मागे गणल्या गेलेल्या जिल्ह्यानं हे लक्षात ठेवावं. पैसा आल्यावर बघू, असं म्हणायचं कारण नाही.

विचारायचं मात्र नीट. वर्गात उभं राहून ‘शाळा आवडते ना?’ म्हटलं की सगळे एका सुरात ‘हो सऽऽर’ म्हणणार. ते उत्तर नाही, ती सवय आहे. त्याऐवजी तीन रिकामे डबे घ्या आणि त्यांवर हसरा, साधा आणि रडवेला चेहरा काढा. डबे वर्गाच्या आडोशाला ठेवा. प्रत्येक लेकराच्या हातात एक चिंचोका द्या. प्रश्न विचारा, एकेकाला आत पाठवा, चिंचोका वाटेल त्या डब्यात टाकू द्या. कुणी काय टाकलं ते कुणालाच दिसणार नाही. पहिली-दुसरीच्या लेकरांनाही हे जमतं, कारण यात लिहावं लागत नाही. काल रात्री पोट भरलं का? शाळेत कुणी मारेल अशी भीती वाटते का? सुट्टीत खेळायला कुणी सोबत घेतं का? शाळेच्या संडासात जायला बरं वाटतं का? काही वाईट झालं तर सांगता येईल असं एखादं मोठं माणूस आहे का? एका दिवशी दोन-तीनच प्रश्न घ्या. विचारणारी व्यक्ती वर्गशिक्षक नसावी. समितीतली एखादी आई, अंगणवाडीताई, किंवा मोठ्या वर्गातली समजूतदार मुलगी चालेल.

भाषेचाही विचार करा. तांड्यावरून येणारं लेकरू घरी गोरमाटी बोलतं. जालना शहरात एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांमागच्या वस्त्यांमध्ये हिंदी बोलणारी कुटुंबं आहेत. पहिलीत ही लेकरं गप्प असतात. गप्प म्हणजे बावळट, असं समजून त्यांना मागच्या ओळीत बसवलं जातं. त्यांना त्यांच्याच बोलीत विचारा, मग बघा किती बोलतात.

चिंचोक्यांनी वर्गाची स्थिती कळते, पण कुठलं लेकरू दुःखी आहे ते कळत नाही. त्यासाठी डोळे उघडे ठेवावे लागतात. हजेरीपटावर नुसती टक्केवारी काढू नका, खाडे कुठल्या दिवशी पडतात ते बघा. बाजाराच्या दिवशी चौथीतली मुलगी नेहमी गैरहजर असेल, तर धाकट्या भावंडाला सांभाळायला ती घरी राहते. कापूस वेचणीच्या दिवसांत कोण कोण गायब होतं? सोमवारी खिचडी दोन-तीनदा कोण मागून घेतं? शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या लेकराला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. घरची दोन जेवणं नीट होतात असं धरून तो केलेला आहे. रविवारी तीच झाली नसतील, तर सोमवारचं ताट ते सांगतं. दिवसभर पाणी न पिणारी मुलगी बहुतेक वेळा शौचालय टाळत असते. एप्रिलमध्ये टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहून आलेलं लेकरू वर्गात पेंगणारच.

आणि हो, वाचता येणं हाही सुस्थितीचाच भाग आहे. चौथीत जाऊनही ज्याला दुसरीचा धडा वाचता येत नाही, तो रोज सहा तास अपमान सोसत बसतो. ‘प्रथम’ संस्थेनं २००५ पासून ‘असर’ सर्वेक्षण चालवून एक गोष्ट सिद्ध केली आहे. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असा एका पानाचा कागद घेऊन गावातले साधे तरुण घरोघर जाऊ शकतात आणि देशाला आरसा दाखवू शकतात. मोजमाप ही तज्ज्ञांची मक्तेदारी नाही. लेकरांच्या सुस्थितीसाठीही आपल्याला असाच एका पानाचा कागद हवा, कुणालाही भरता येणारा आणि कुणालाही वाचता येणारा.

शहरातल्या पालकांनी हे गावाकडचं म्हणून बाजूला ठेवू नये. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारं, शिकवणीहून रात्री आठला परतणारं, जेवताना मोबाइल मागणारं लेकरूही मोजायला हवं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप लागते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला, तो याच झोपेसाठी. एक आठवडा लेकराच्या झोपेची वेळ कॅलेंडरवर लिहा. फी भरताना जेवढी चौकशी करता, तेवढी या आकड्याचीही करा.

काही गोष्टींबद्दल मला कळकळीनं सावध करायचं आहे. या नोंदींवरून शाळांचे क्रमांक लावू नका. तालुक्यात पहिली शाळा कोणती, हे सुरू झालं की दुसऱ्या वर्षी सगळे चिंचोके हसऱ्या डब्यात सापडतील. वर्गात कुणाचं वजन मोठ्यानं वाचू नका. ‘काडी पहिलवान’ म्हणून हाक पडली की ते लेकरू जन्मभर काट्याला घाबरतं. कुणालाही ‘मानसिक रुग्ण’ ठरवू नका. त्यासाठी वेगळी, प्रमाणित साधनं आहेत. ब्रिटनमधले मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये दिलेली २५ विधानांची प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यातली पाच विधानं लेकराच्या चांगल्या गुणांबद्दलच आहेत. पण तिचा अर्थ लावणं हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे. आणि कुठल्या लेकरानं मारहाणीबद्दल किंवा नकोशा स्पर्शाबद्दल काही सांगितलं, तर उलटतपासणी घेऊ नका, गावकीत मिटवू नका. मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या क्रमांकावर फोन करा. लैंगिक अत्याचाराची माहिती असताना ती न कळवणं हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. मनाचा त्रास असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे.

शिक्षकांची तक्रार मला ऐकू येते : आणखी एक फॉर्म? ती खरी आहे. माहिती भरता भरता शिकवायचं राहून जातं, असं चांगले शिक्षकच सांगतात. म्हणून हे काम त्यांच्या एकट्यावर टाकू नका. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. काटा धरणं, पट्टीवर आकडा वाचणं, डबे मांडणं त्यांनी करावं. शिक्षकांनी एवढंच बघावं की आता शाळांत येऊ लागलेल्या समग्र प्रगती पत्रकात लेकराच्या स्वतःच्या मताची आणि पालकांच्या मताची जागा आहे, ती ‘चांगले’, ‘समाधानकारक’ अशा शिक्क्यांनी भरली जाऊ नये. शिक्षक आणि पालक मिळून भीती नसलेली शाळा उभी करू शकतात, हे आपल्याकडे आधीच झालेलं आहे. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेही मराठी माध्यमातून आणि साध्या घरातल्या मुलांसाठी.

मोजून झाल्यावर काय, हा प्रश्न सर्वांत मोठा आहे. मोजलं आणि काहीच केलं नाही, तर पुढच्या वेळी लेकरू खरं सांगणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही. ग्रामपंचायतीला उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून चांगला वजनकाटा, उंचीची पट्टी, मुलींच्या शौचालयाला कडी आणि पाणी सहज होतं. ‘बालस्नेही गाव’ हा गाव विकास आराखड्याच्या नऊ संकल्पनांपैकी एक आहे. आराखडा ठरतो त्या ग्रामसभेत आपल्या शाळेचे आकडे ठेवा. ‘मुलांकडे लक्ष द्या’ म्हणणाऱ्याला सरपंच मान डोलावून पाठवतात. ‘चौथीच्या अकरा मुली दिवसभर पाणी पीत नाहीत’ असं लिहून दिलं, तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

येत्या महिन्यात शाळा व्यवस्थापन समितीची सभा होईल. तुमची शाळा विनाअनुदानित असेल तर पालक-शिक्षक संघाची होईल. सभेच्या आधी मुख्याध्यापकांकडे एक विषय लेखी द्या : ‘शाळेतील प्रत्येक मुलाची उंची, वजन व दृष्टी तपासून नोंद ठेवणे आणि मुलांना त्यांच्या सुस्थितीबद्दल गुप्त पद्धतीने प्रश्न विचारणे.’ विषय इतिवृत्तात येऊ द्या, तारीख ठरवून घ्या, काटा कोण आणणार त्याचं नाव लिहून घ्या. समितीत ज्या आया आहेत, त्यांनीच हा विषय मांडावा आणि बाकीच्यांनी त्यांना पाठिंबा द्यावा.